वीज गेल्यावर घर आणि गोठा चालू ठेवताना : जनरेटरसाठी स्वतंत्र सब-पॅनेलची जोडणी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. खांब आडवे झाले, रोहित्रे कोसळली आणि रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांत वीज पूर्ववत होण्यास आठवडेच्या आठवडे लागले. त्याआधी १६ नोव्हेंबर २०१८ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘गज’ने आणि ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ आलेल्या ‘फनी’ने हाच अनुभव दिला होता. वादळ नसतानाही वळवाच्या पावसात फांदी पडून तार तुटणे किंवा रोहित्र जळून गाव चार-सहा दिवस अंधारात राहणे, हे ग्रामीण भागाला नवे नाही. शेतकऱ्याच्या घरी वीज जाणे म्हणजे केवळ दिवे जाणे नसते. धारा वेळेवर निघाल्या नाहीत तर दुभत्या जनावराला कासदाहाचा धोका वाढतो, काढलेले दूध थंड झाले नाही तर संकलन केंद्रावर ते नाकारले जाते, आणि बंदिस्त पोल्ट्री शेडमधील पंखे थांबले तर उन्हाळ्यात काही मिनिटांतच पक्ष्यांची धाप वाढू लागते.

त्यामुळे अलीकडे अनेक पशुपालकांनी व बागायतदारांनी जनरेटर घेतले आहेत. जनरेटर विकत घेणे हा या कामाचा सोपा भाग आहे. तो घराच्या वायरिंगला कसा जोडला जातो, यावर घरच्यांचे, जनावरांचे आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचे प्राण अवलंबून असतात. विस्तार कार्यकर्त्यांना भेटीच्या वेळी जोडणी पाहून योग्य सल्ला देता यावा आणि शेतकऱ्याला वायरमनकडून नेमके काय करून घ्यायचे हे समजावे, या दृष्टीने पुढील विवेचन केले आहे. प्रत्यक्ष जोडणी मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी.

उलटा प्रवाह म्हणजे काय

गावोगावी आढळणारी सर्वांत धोकादायक पद्धत म्हणजे दोन्ही टोकांना थ्री-पिन प्लग बसविलेली वायर. तिचे एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये आणि दुसरे घरातील एखाद्या सॉकेटमध्ये घातले की सारे घर उजळते. ‘आधी मेन स्विच बंद करतो, मगच जनरेटर लावतो’ असे स्पष्टीकरण बहुतेक वेळा दिले जाते. ही सुरक्षितता पूर्णपणे माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेली असते. रात्री दोन वाजता, पावसात, घाईगडबडीत, घरातील दुसऱ्याच कोणी जनरेटर सुरू केला तर मेन स्विच चालू राहून जातो.

मेन स्विच चालू राहिला की जनरेटरची वीज मीटरमधून उलट दिशेने गावाच्या लघुदाब वाहिनीवर जाते आणि तेथून रोहित्रात शिरते. वितरण रोहित्र ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते. पण रोहित्राला दिशा कळत नाही. खालच्या बाजूने एका फेजवर २३० व्होल्ट दिले, तर वरच्या बाजूच्या त्या गुंडाळीच्या दोन टोकांत सुमारे १० हजार व्होल्ट निर्माण होतात. ज्या उच्चदाब तारेचा पुरवठा उपकेंद्रातून बंद करून घेतला आहे आणि जी आता मृत आहे असे लाईनमन गृहीत धरतो, तीच तार अशी जिवंत होते. जमिनीवर पडलेली तुटकी तार ओलांडणारा गुराखी किंवा शाळकरी मूल यांनाही तोच धोका असतो.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : ‘लहान जनरेटर सगळ्या गावाचा भार कसा उचलणार? तो लगेच बंद पडेल.’ रोहित्र आणि तारा धड असतील तेव्हा हे बहुधा खरे ठरते. परंतु वादळात तारा जागोजागी तुटलेल्या असतात, किंवा कोणी रोहित्रावरील शेजारच्या वाहिनीचे फ्यूज काढून ठेवलेले असतात. अशा वेळी जनरेटरच्या वाट्याला फारसा भार येतच नाही आणि तो निमूटपणे चालत राहतो. म्हणजे लाईनमन खांबावर असण्याची शक्यता ज्या दिवशी सर्वाधिक, त्याच दिवशी उलटा प्रवाह टिकून राहण्याची शक्यताही सर्वाधिक असते. लाईनमनने काम सुरू करण्यापूर्वी तार अर्थ करणे अपेक्षित असते आणि तो ते करतोही. पण दुसऱ्याच्या दक्षतेवर आपला निष्काळजीपणा सोडून देता येत नाही.

या पद्धतीत मालकाचेही नुकसान आहेच. जनरेटर चालू असताना गावाचा पुरवठा अचानक परत आला, तर दोन्ही विजा एकमेकींशी जुळलेल्या नसतात. जनरेटरचा अल्टरनेटर जळणे किंवा आग लागणे हा त्याचा परिणाम असतो. शिवाय प्लगचे सॉकेटमधून निसटलेले टोक उघड्या, जिवंत पिनांसह हातात राहते ते वेगळेच.

चेंजओव्हर स्विच आणि सब-पॅनेल

यावरचा उपाय जुना, साधा आणि जनरेटरच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चाचा आहे : चेंजओव्हर स्विच. त्याला तीन स्थाने असतात. एका बाजूला गावची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मध्ये बंद. एका वेळी एकच पुरवठा आत येऊ शकेल अशी त्याची यांत्रिक रचना असते. दोन्ही पुरवठे एकत्र होण्यासाठी माणसाने चूक करून भागत नाही, स्विचच मोडावा लागतो. दोन स्वतंत्र एमसीबी शेजारी-शेजारी बसवून ‘एक पाडा, मग दुसरी उचला’ अशी तोंडी सूचना देणे हा चेंजओव्हरचा पर्याय नव्हे.

संपूर्ण घर चेंजओव्हरवर घेण्यापेक्षा अत्यावश्यक तेवढी सर्किटे वेगळी काढून त्यांचे एक लहान सब-पॅनेल करणे अधिक शहाणपणाचे ठरते. वीज मीटरमधून मेन स्विचकडे आणि तेथून मुख्य डीबीमध्ये येते. मुख्य डीबीतील एका ३२ अँपिअरच्या डबल पोल एमसीबीतून केबल चेंजओव्हरच्या ‘मेन’ बाजूला न्यावी. जनरेटरची केबल त्याच्या स्वतःच्या एमसीबीतून चेंजओव्हरच्या ‘जनरेटर’ बाजूला आणावी. चेंजओव्हरच्या सामाईक टोकांपासून निघणारी केबल सब-पॅनेलला जावी. सब-पॅनेलमध्ये आधी आरसीसीबी आणि त्यापुढे प्रत्येक सर्किटची स्वतंत्र एमसीबी असावी. आरसीसीबी चेंजओव्हरच्या पुढे, म्हणजे भाराच्या बाजूला असल्याने वीज कोणत्याही स्रोताची असली तरी संरक्षण तेच राहते. घर आणि गोठा यांना वेगवेगळी आरसीसीबी दिल्यास गोठ्यातील ओलसर सॉकेटमुळे घरातही अंधार होत नाही; हा थोडा जादा खर्च पावसाळ्यात वसूल होतो.

सब-पॅनेलमध्ये काय घ्यायचे यापेक्षा काय घ्यायचे नाही, हा निर्णय महत्त्वाचा असतो. दिवे, पंखे, फ्रीज, मोबाइल चार्जिंग, दूध काढण्याचे यंत्र, पिण्याच्या पाण्याचा पंप हे आत. गिझर, इस्त्री, शेगडी, एसी हे बाहेर. कडबाकुट्टीबाबत मतभेद होतात. पण कुट्टी एक दिवस आधी करून ठेवता येते, धारा एक दिवस पुढे ढकलता येत नाहीत. दोन अश्वशक्तीच्या कुट्टीयंत्रासाठी दुप्पट क्षमतेचा जनरेटर घेण्यापेक्षा वादळाच्या इशाऱ्यानंतर दोन दिवसांची कुट्टी करून ठेवणे स्वस्त पडते. शेतीपंपाचा प्रश्न येथे येतच नाही. त्याची जोडणी वेगळी, मीटर वेगळे आणि बहुतेक ठिकाणी फीडरही वेगळे असते. घराच्या सब-पॅनेलशी त्याचा कोणताही संबंध जोडू नये.

न्यूट्रलकडे होणारे दुर्लक्ष

सब-पॅनेलच्या कामात सर्वाधिक चुका न्यूट्रलच्या बाबतीत होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. जुन्या डीबीतून एखादे सर्किट सब-पॅनेलकडे वळविताना वायरमन पुष्कळदा केवळ फेजची वायर हलवितो आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर राहू देतो. गावच्या विजेवर दिवा लागतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. जनरेटरवर गेल्यावर मात्र फेज जनरेटरची आणि न्यूट्रल गावच्या वाहिनीची अशी स्थिती होते. आरसीसीबी असेल तर ती लगेच पडते, कारण गेलेला प्रवाह तिच्यातून परत येत नाही. मग ‘आरसीसीबी खराब आहे’ असे ठरवून ती काढून टाकली जाते, किंवा दोन्ही न्यूट्रल कायमचे एकत्र बांधले जातात. दुसरा उपाय पहिल्याहून वाईट आहे, कारण त्यामुळे जनरेटरचा न्यूट्रल गावच्या वाहिनीशी सतत जोडलेला राहतो. नियम एकच आहे : सर्किट हलवायचे तर फेज आणि त्याचा स्वतःचा न्यूट्रल दोन्ही हलवावेत.

याच कारणास्तव सिंगल फेज घरासाठी डबल पोल आणि थ्री फेज घरासाठी फोर पोल चेंजओव्हर घ्यावा. केवळ फेज बदलणारा आणि न्यूट्रल तसाच ठेवणारा स्विच घेऊ नये.

न्यूट्रल अशा रीतीने पूर्ण वेगळा झाला की पुढचा प्रश्न उभा राहतो. गावच्या विजेचा न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेला असतो. उचलून नेता येणाऱ्या अनेक लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. जनरेटरवर एखादेच उपकरण थेट चालविताना त्याने फारसे बिघडत नाही. मात्र घराच्या कायमच्या वायरिंगला असा जनरेटर जोडला, तर गळतीच्या प्रवाहाला जनरेटरकडे परतण्याचा मार्गच उरत नाही आणि आरसीसीबी असूनही ती निष्क्रिय बसून राहते. म्हणून कायमस्वरूपी जोडलेल्या जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरजवळच, आणि तेथे एकाच ठिकाणी, अर्थशी जोडून घ्यावा लागतो. ही जोड सब-पॅनेलमध्ये करू नये. सब-पॅनेलमधील न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी नेहमी वेगळ्याच असाव्यात. हे काम जनरेटरच्या बनावटीनुसार बदलते. त्यामुळे उत्पादकाची पुस्तिका वायरमनसमोर उघडून ठेवणे इष्ट. काम झाल्यावर जनरेटर चालू असताना आरसीसीबीची चाचणी उपकरण लावून घ्यावी. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’चे बटण दाबणे पुरेसे नाही. ते बटण केवळ आरसीसीबीची यंत्रणा तपासते, अर्थचा मार्ग तपासत नाही.

अर्थिंग आणि गोठा

अर्थिंग बाबतचे भारतीय मानक आयएस ३०४३ हे आहे आणि वायरिंगसाठी आयएस ७३२. मानकांचा तपशील वायरमनला माहीत असणे अपेक्षित आहे; शेतकऱ्याने एक हिशेब समजून घेतला तरी पुष्कळ. समजा, गोठ्याच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. मोटरच्या सांगाड्याला फेज लागला तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर होईल. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्या प्रवाहाने पडणारच नाही. मोटरचा सांगाडा जिवंत राहील आणि एमसीबी मात्र सर्व काही ठीक असल्यासारखी वर असेल. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी याच स्थितीत क्षणार्धात पडते. गोठ्यासाठी आरसीसीबी ही चैन नाही, ती या आकड्यांतून येणारी गरज आहे.

कोकणातील जांभ्याच्या कातळात किंवा दख्खनच्या मुरमाड माळावर चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते. तेथे एका ऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड योग्य अंतरावर पुरून एकमेकांना जोडावे लागतात. अर्थिंगचे मोजमाप पावसाळ्यात करून समाधान मानू नये. ते मे महिन्यात, जमीन सर्वाधिक कोरडी असताना करावे. थ्री फेज जनरेटरच्या सांगाड्याला अर्थच्या दोन स्वतंत्र जोडण्या आवश्यक असतात.

जनावर माणसापेक्षा विजेला अधिक हळवे असते. त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असते, खूर ओल्या शेण-मुताच्या जमिनीवर असतात आणि तोंड लोखंडी नळाच्या पाण्याला लागते. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या थोड्या व्होल्टनेही गाय हौदावर पाणी प्यायला कचरते, धारेच्या वेळी लाथा झाडते, दूध चोरते. एखाद्या गोठ्यात जनरेटर लावल्यावरच असे घडत असेल, तर वैद्याआधी वायरमनला बोलावणे योग्य. गव्हाणीचे लोखंडी पाइप, पाण्याची नळजोडणी, दूध यंत्राचा सांगाडा हे सर्व तांब्याच्या किंवा जीआयच्या पट्टीने एकमेकांना आणि अर्थला जोडावेत, म्हणजे त्यांच्यात व्होल्टचा फरक राहत नाही.

किती क्षमतेचा जनरेटर

एका दहा-बारा गाईंच्या घराचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे १० दिवे ९० वॅट, ७५ वॅटचे ४ पंखे ३०० वॅट, फ्रीज २०० वॅट, चार्जिंग वगैरे ५० वॅट, गोठ्यातील दिवे ८० वॅट आणि गोठ्यातील दोन पंखे ३०० वॅट. हे सारे मिळून साधारण १ किलोवॅट, म्हणजे सव्वा केव्हीएच्या आत. दूध यंत्राची मोटर १ अश्वशक्तीची आणि पाण्याचा पंपही १ अश्वशक्तीचा. १ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना सुमारे ७ अँपिअर, म्हणजे १.६ केव्हीए घेते. दोन्ही मोटरी धरून एकूण साडेचार केव्हीएच्या आत बसते. यावरून ५ केव्हीए पुरेल असा निष्कर्ष निघतो, आणि तेथेच फसगत होते.

मोटर सुरू होण्याच्या क्षणी चालू प्रवाहाच्या पाच ते सहा पट, येथे ३५ ते ४० अँपिअर घेते. म्हणजे काही क्षण ८ ते ९ केव्हीए. रिकाम्या ५ केव्हीए जनरेटरला हा धक्का, व्होल्टेज थोडे खाली जाऊन, बहुधा सोसतो. घर आणि एक मोटर आधीच चालू असताना दुसऱ्या मोटरीचा धक्का मात्र त्याला झेपत नाही. व्होल्टेज कोसळते, मोटर गुणगुणत उभी राहते, तापते आणि फ्रीजचा कॉम्प्रेसरही त्यात सापडतो. म्हणून ५ केव्हीएवर सर्वांत मोठी मोटर सर्वांत आधी सुरू करावी आणि दोन मोटरी कधीही एकत्र चालवू नयेत. पाण्याची टाकी धारांपूर्वी भरून घ्यावी. ही शिस्त पाळणे शक्य नसेल तर साडेसात केव्हीएचा संच घ्यावा. डिझेल संचांवरील केव्हीएचा आकडा बहुधा ०.८ पॉवर फॅक्टर धरून दिलेला असतो. म्हणजे ५ केव्हीएमधून प्रत्यक्ष ४ किलोवॅट मिळतात, हेही ध्यानात असू द्यावे.

गरजेपेक्षा फार मोठा संच घेणे हीसुद्धा चूकच. डिझेल इंजिन तासन्‌तास अगदी कमी भारावर चालले तर इंधन पूर्ण जळत नाही, काजळी व तेल धुराड्यात साचते आणि इंजिनचे आयुष्य घटते. रात्रभर केवळ चार दिव्यांसाठी डिझेल संच चालविण्यापेक्षा बॅटरी इन्व्हर्टर आणि दिवसातून दोन वेळा, धारांच्या सुमारास, जनरेटर असे वेळापत्रक इंधन वाचवते. ५ केव्हीएचा डिझेल संच चांगल्या भारावर तासाला साधारण एक ते दीड लिटर डिझेल घेतो. त्यावरून चार दिवसांचा साठा किती लागेल याचा अंदाज बांधता येतो.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा अल्टरनेटर हा स्वतंत्र इंजिनचा खर्च वाचविणारा पर्याय आहे. तेथे इंजिनचा वेग स्थिर ठेवणे हीच सारी कसोटी असते. वेग घसरला की ५० हर्ट्झची वारंवारता घसरते आणि मोटरी तापू लागतात. अल्टरनेटरवर व्होल्टमीटर व फ्रिक्वेन्सी मीटर नसेल तर असे यंत्र घराला जोडू नये.

केबल आणि एमसीबी

५ केव्हीए सिंगल फेज संचाचा पूर्ण प्रवाह सुमारे २२ अँपिअर होतो. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल तेवढा प्रवाह वाहून नेते, म्हणून बहुतेक ठिकाणी तीच टाकली जाते. पण जनरेटर घरापासून ३० मीटर दूर असेल तर पूर्ण भारावर या केबलमध्ये सुमारे ७ व्होल्ट खर्ची पडतात, आणि मोटर सुरू होताना त्याच्या जवळजवळ दुप्पट. ६ चौरस मिलिमीटरमध्ये हीच घट ५ व्होल्टच्या आत राहते. जनरेटरचे व्होल्टेज आधीच खाली गेलेले असताना हा फरक मोटर सुरू होणे आणि न होणे यांतील फरक ठरू शकतो.

जनरेटरकडील एमसीबीबाबत एक बारकावा आहे. शॉर्ट सर्किट झाल्यावर गावची वाहिनी शेकडो अँपिअर देते आणि एमसीबी तत्काळ पडते. लहान जनरेटर मात्र आपल्या क्षमतेच्या साधारण तिपटीहून अधिक प्रवाह देऊ शकत नाही. नेहमीच्या सी-कर्व्ह एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी पाच ते दहा पट प्रवाह लागतो, त्यामुळे ती रेंगाळते. तीन ते पाच पटीत पडणारी बी-कर्व्ह एमसीबी, २० अँपिअरची, येथे अधिक योग्य ठरते. दुकानात ती मागून घ्यावी लागते. न मागता सी-कर्व्हच हातात पडते.

सौर पॅनेल असल्यास

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर ग्रामीण घरांवरही सौर संच दिसू लागले आहेत. ग्रीडला जोडलेला सौर इन्व्हर्टर गावची वीज गेली की आपोआप बंद होतो, ते लाईनमनच्या सुरक्षेसाठीच. हा इन्व्हर्टर चुकून सब-पॅनेलमध्ये जोडला गेला, तर जनरेटर सुरू होताच तो जनरेटरलाच ग्रीड समजून वीज ढकलू शकतो. भार कमी असेल तर ती वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते. त्यामुळे सौर इन्व्हर्टरची जोडणी मुख्य डीबीच्या बाजूलाच, चेंजओव्हरच्या अलीकडे राहील याची खात्री करावी. सौर आणि जनरेटर एकत्र चालवायचे असल्यास त्यासाठीचा खास नियंत्रक लागतो. तो साध्या चेंजओव्हरचा विषय नाही.

बंदिस्त पोल्ट्री शेडसाठीही हाताने फिरविण्याचा चेंजओव्हर पुरेसा नाही. तेथे वीज जाताच जनरेटर आपोआप सुरू करणारे एएमएफ पॅनेल आणि त्याच्याही अपयशाची सूचना देणारा, स्वतंत्र बॅटरीवरील भोंगा अपरिहार्य आहे.

चालविण्याचा क्रम

वीज गेल्यावर सब-पॅनेलमधील सर्व एमसीबी खाली कराव्यात आणि चेंजओव्हर मधल्या स्थानावर आणावा. जनरेटर भाराविना सुरू करून दोन-तीन मिनिटे तापू द्यावा, व्होल्टेज पाहावे, मग त्याची एमसीबी वर करून चेंजओव्हर जनरेटरकडे फिरवावा. त्यानंतर मोठी मोटर पहिली, आणि उरलेली सर्किटे एकेक करून. वीज परत आल्यावर हाच क्रम उलटा. जनरेटर मात्र बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे रिकामा चालू द्यावा. घर जनरेटरवर असताना गावची वीज आली हे कळावे म्हणून मुख्य डीबीच्या बाजूला एक लहान निर्देशक दिवा लावून घ्यावा, अन्यथा डिझेल विनाकारण जळत राहते. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवावा आणि घरातील किमान दोन व्यक्तींकडून, त्यात घरी अधिक वेळ असणाऱ्या महिलांचा समावेश असावा, एकदा प्रत्यक्ष करून घ्यावा. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे संच खऱ्या भारावर चालवून पाहावा. वर्षभर झाकून ठेवलेला जनरेटर वादळाच्या रात्री सुरू न होण्याचे कारण बहुधा मेलेली बॅटरी किंवा जुने इंधन एवढेच असते.

जनरेटरची जागा ठरविताना आवाजाचा विचार होतो, धुराचा होत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पावसापासून बचाव म्हणून पडवीत, गोठ्याच्या आत किंवा बंद खोलीत ठेवलेला जनरेटर झोपेतच माणसे व जनावरे दगावण्यास कारण होतो. तो दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, चारही बाजूंनी मोकळ्या छपराखाली, धुराडे घराच्या विरुद्ध दिशेला करून ठेवावा. चालू किंवा गरम असताना त्यात इंधन भरू नये.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीचे विनियम २०२३ मध्ये नव्याने लागू झाले असून त्यांनी २०१० च्या विनियमांची जागा घेतली आहे. जनरेटरच्या कोणत्या क्षमतेपासून विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते, याची मर्यादा राज्यागणिक वेगळी असू शकते. ती जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयातून विचारून घ्यावी. ठेकेदाराकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा आणि जनरेटर बसविल्याचे वीज कंपनीच्या शाखा कार्यालयास लेखी कळवावे. मीटरजवळ ‘येथे जनरेटर जोडलेला आहे’ अशी स्पष्ट पाटी लावावी आणि त्याखाली चेंजओव्हर स्विच कोठे आहे तेही लिहावे. खांबाखाली उभा असलेला लाईनमन घरात कोणाला विचारण्याआधी तीच वाचतो.